स्प्रिंट-अजिलिटीच्या दुसऱ्या दिवशी पाय अक्षरशः आंबून जातात, रिकव्हरी कशी करायची?

रंकाळा_विंगर:
नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचा, आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमकडनं उजव्या विंगला खेळतो, वय १९, वजन ६० च्या आसपास. सीझन तोंडावर आलाय आणि या वेळी नवीन कोच मिळालेत, ट्रेनिंग लय भारी आहे त्यात वादच नाही, पण मंगळवार बुधवार गुरुवार असं लागोपाठ तीन दिवस पळवतात. आधी ३० ते ४० मीटरचे फुल स्पीडचे स्प्रिंट, मग लॅडर म्हणजे जमिनीवर टाकलेल्या शिडीच्या घरांत झपझप पावलं, मग कोन लावून झिगझॅग, शेवटी शटल म्हणजे दोन खुणांमध्ये पळत जा-ये. शनिवारी नाहीतर रविवारी प्रॅक्टिस मॅच असते. त्या दिवशी संध्याकाळी काय वाटत नाही, घरी येऊन जेवून झोपतो, पण दुसऱ्या दिवशी उठलं की मांड्या भरून आलेल्या असतात आणि त्याच्या पुढच्या दिवशी तर जिना उतरताना कठडा धरावा लागतो, चढताना तेवढा त्रास नाही, उतरताना जास्त. मॅचला उभं राहतोय तेव्हा पाय जड, फुलबॅकला मागं टाकायचं म्हटलं की पहिली दोन पावलंच निघत नाहीत.

टीममध्ये प्रत्येकजण वेगळं सांगायलाय. एकजण म्हणतोय बर्फाच्या पाण्यात बस, दुसरा म्हणतोय गरम पाण्यानं शेक, तालमीतले जुने लोक तेलानं मालिश करून घे म्हणतात, एकानं तर सरळ पेनकिलर घेऊनच ग्राउंडवर ये असं सांगितलं. आणि सगळ्यांचं एकच, की लॅक्टिक ॲसिड साठलंय ते बाहेर काढायला पाहिजे. मला खरंच कळंना झालंय कुणाचं ऐकायचं. प्रोटीन पावडर वगैरे परवडणारी नाही, घरात जे होतं त्यातलंच सांगा. ग्राउंड पण टणक आहे आमचं, त्याचा पण काय संबंध असतो का?

जुना_स्टॉपर:
भावा, पहिल्यांदा एक सांगतो, बर्फ तेल पावडर हे सगळं नंतरचं. तीन दिवस लागोपाठ फुल स्पीड हेच चुकतंय. मी आता पोरांना शिकवतो, इचलकरंजीकडं, आणि आमच्याकडं नियम साधा आहे, जोरातला स्प्रिंट आणि जोरातलं टर्निंग झालं की पुढचं तसलंच काम किमान ४८ तास नाही. मॅचनंतर तर ७२ तास सुद्धा लागतात पूर्ण ताजं व्हायला. तू मंगळवारचा मार बुधवारी बुजायच्या आत परत देतोयस आणि गुरुवारी तिसऱ्यांदा, मग शनिवारी पाय कुठनं उठणार.

मंगळवारी स्प्रिंट आणि टर्निंग एकत्रच उरकायचं, बुधवारी बॉलवरचं काम, पासिंग, सेटपीस, हलकं. गुरुवारी थोडं स्पीड पण कमी संख्येत. शुक्रवारी अगदी थोडं, दोनचार झटक्याचे छोटे स्टार्ट, पाय जागे राहण्यापुरते. मॅच रविवारी असेल तर हेच एक दिवस पुढं सरकव. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, मोठे क्लब आठवडा असाच मॅचच्या दिवसापासून मागं मोजून लावतात.

दुसरी गोष्ट, दोन स्प्रिंटच्या मध्ये किती थांबता? आपल्याकडं काय होतं, पोरं रांगेत उभी, नंबर आला की पळ, दम लागलेला असतानाच पळ. त्यानं स्पीड वाढत नाही, नुसती दमणूक होते आणि दमलेल्या पायानं पळताना पळायची ढबच बिघडते. खरं फुल स्पीडचं काम असेल तर दर १० मीटरला साधारण १ मिनिट आराम, म्हणजे ३० मीटर मारलं की ३ मिनिटं चालत परत ये, पाणी पी, मग पुढचा. पोरांना वाटतं सर टाइमपास करतात, पण स्टॉपवॉच लावून बघ, सहावा स्प्रिंट पहिल्याइतकाच निघतो का. वेळ वाढायला लागली की तिथंच थांबायचं, त्या दिवसाचं काम संपलं.

कोचांना हे नीट बोल, एकट्यात, टीमसमोर नको. म्हण की सर मॅचच्या दिवशी पाय उठत नाहीत, मधला एक दिवस बॉलवर घेऊया का. ऐकतात रे, बहुतेक कोचांना पण जिंकायचंच असतं.

फिजिओ_सांगली:
मी स्पोर्ट्स फिजिओथेरपिस्ट आहे, फुटबॉल आणि कबड्डीची पोरं माझ्याकडे भरपूर येतात म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

लॅक्टिक ॲसिडचा आणि दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचा संबंध नाही. पळताना जे लॅक्टेट रक्तात वाढतं ते थांबल्यावर साधारण तासाभरात परत नॉर्मलला येतं, तू घरी पोचून आंघोळ करेपर्यंत ते गेलेलं असतं. उद्या परवा जे दुखतं ते स्नायूच्या धाग्यांना झालेल्या अगदी बारीक इजेमुळे आणि तिथे येणाऱ्या सुजेमुळे, ते २४ तासांनी जाणवायला लागतं आणि ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान सगळ्यात जास्त असतं. म्हणून तुझा तिसरा दिवस वाईट जातो.

आता ही इजा होते कधी ते बघ. स्नायू आखडून जोर लावतो तेव्हा फारशी होत नाही, स्नायू ताणला जात असताना त्याच वेळी ब्रेक लावत असतो तेव्हा होते. कोनपाशी तू फुल स्पीडने येतोस, शेवटच्या दोन तीन पावलांत गुडघा वाकवून अंग खाली घेतोस, बाहेरचा पाय रोवतोस आणि उलट दिशेला निघतोस, त्या रोवलेल्या पायाच्या मांडीचा पुढचा भाग पूर्ण शरीराचा वेग अडवत असतो आणि ताणलाही जात असतो. जिना उतरतानाही नेमकं हेच काम असतं, म्हणून चढण्यापेक्षा उतरणं जास्त दुखतं. जांघेतल्या आणि पोटरीच्या स्नायूंचंही टर्निंगमध्ये तसंच होतं. सरळ स्प्रिंटमध्ये मांडीचा मागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, तो पाय पुढे फेकला जातो आणि जमिनीवर टेकणार त्याच्या जरा आधी पायाला मागे खेचून धरतो, तिथे त्याच्यावर सगळ्यात जास्त ताण येतो. ग्राउंड टणक असलं की पाऊल टेकतानाचा धक्का वाढतो, पकड चांगली मिळते म्हणून ब्रेकही जोरात लागतो, त्यामुळे हो, संबंध आहे. निदान स्टड तरी टणक मैदानाचे वापर, लांब स्टडचे नको.

एक चांगली गोष्ट पण आहे. असला मार एकदा बसला आणि स्नायू भरून आला की तोच व्यायाम पुढच्या वेळी तेवढा दुखत नाही, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणून सीझनच्या सुरुवातीला कमी संख्येने सुरू करून आठवड्याला थोडं थोडं वाढवायचं असतं. एकदम पहिल्या आठवड्यात सगळं टाकलं की हाल होतात.

पण मला एक गोष्ट विचारायची आहे. दुखणं दोन्ही पायांना सारखं, सगळीकडे पसरलेलं आहे, की एकाच पायात एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता येतं? पळताना अचानक कळ आली होती का? लपवू नको, खरं सांग.

हॉस्टेलची_मिडफिल्डर:
मी पुण्यात कॉलेजच्या मुलींच्या टीमला खेळते, खाण्याबद्दल मी सांगते कारण आमच्याकडे मेसचं जेवण असतं आणि त्यातच भागवावं लागतं. दादा, तू लिहिलंयस ना संध्याकाळी घरी येऊन जेवून झोपतो, तर सेशन आणि जेवण यात किती वेळ जातो? आमच्या मुली सेशन संपल्यावर तासभर गप्पा, मग बस, मग रांग, दोन अडीच तास पोटात काहीच नाही. आता सगळ्या बॅगेत दोन केळी आणि चिक्की ठेवतात, शूज काढता काढता खातात. स्प्रिंटमध्ये स्नायूतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, संपतं ते भरायला कार्ब्ज लागतात, सेशननंतर पहिल्या तासात किलोमागे १ ग्रॅमच्या आसपास म्हणतात, म्हणजे तुला ६० ग्रॅम, दोन केळी आणि एक चिक्की झाली की काम झालं.

प्रोटीन एका वेळेला २० ते २५ ग्रॅम, असं दिवसात चार वेळा. पावडरच पाहिजे असं अजिबात नाही. तीन अंडी म्हणजे १८ ग्रॅम, वर एक ग्लास दूध घेतलं की झालं. तुमच्या कोल्हापुरात तर दुधाचे कट्टेच आहेत, मला हेवा वाटतो, फक्त दूध तापवलेलं घे, कच्चं नको, मॅचच्या आधी पोट बिघडलं तर वाट लागेल. अंडी नको असतील त्या दिवशी मटकीची नाहीतर हरभऱ्याची उसळ मोठी वाटीभर, भाकरी, दही. शेंगदाणे मूठभर. सोयाबीनच्या वड्या मेसमध्ये कुणी खात नाही पण १०० ग्रॅम कोरड्या वड्यांत ५० ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं आणि किमतीला काहीच नाहीत. मटण रविवारी होतच असेल तुझ्याकडे पण मॅचच्या आधी नको, तिखट आणि तेलकट पचायला वेळ लागतो, मॅच झाल्यावर बिनधास्त खा.

पाणी. उन्हाळ्यात सेशनच्या आधी आणि नंतर वजन करून बघ, घाम पुसून, त्याच कपड्यांत. १ किलो कमी झालं असेल तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर प्यायला पाहिजे, आणि नुसतं पाणी नाही, मीठ घातलेलं ताक किंवा मीठ-साखरेचं लिंबू सरबत, कारण घामातनं मीठ जातं. एका दमात ढोसायचं नाही, थोडं थोडं.

आणि मुली कुणी वाचत असतील तर, पाय सतत जड वाटत असतील, दम लवकर लागत असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला आयर्नचा साठा) तपासून घ्या एकदा. आमच्यात एक मुलगी ट्रेनिंगमुळेच थकतेय असं सगळ्यांना वाटत होतं, निघालं आयर्न कमी. पाळीत जास्त जातं त्यांनी तर नक्कीच.

झोप किती होते रे तुझी? मोबाईल?

रंकाळा_विंगर:
एवढं सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, खरंच मनापासून आभार. झोप १२ ते ६ होते, सकाळी दुकानाला मदत करायला लागते. सेशन ७ ला संपतं, जेवण ९ ला, मध्ये काहीच नसतं, ते आता बदलतो.

ताई, तुमच्या प्रश्नाचं, दोन्ही मांड्यांच्या पुढं सारखंच दुखतंय ते कमी जास्त होत राहतं. पण उजव्या मांडीच्या मागं, बसायच्या हाडापासनं वीतभर खाली, बाहेरच्या बाजूला, तिथं बोट ठेवलं की एकच जागा दुखते. परवा शेवटचा स्प्रिंट मारताना तिथं काहीतरी खेचल्यासारखं झालं, पण पळू शकत होतो म्हणून शटल पण पूर्ण केली. काळंनिळं काय नाही. मित्र रोज रात्री तिथं तेलानं जोरात चोळून देतोय. रविवारी मॅच आहे, महत्त्वाची आहे.

फिजिओ_सांगली:
चोळणं आजपासून बंद. एकदम बंद. ही दुसरी गोष्ट आहे. पळताना अचानक खेचलं, एकाच पायात, बोट ठेवून दाखवता येतं, आणि जागा पण तीच, बाहेरच्या बाजूचं हॅमस्ट्रिंग, स्प्रिंट मारणाऱ्यांचं सगळ्यात जास्त वेळा तेच जातं. हे अंग आंबणं नाही, बारीक का होईना पण स्ट्रेन, म्हणजे स्नायू ताणून धागे तुटणं, असण्याची दाट शक्यता आहे. मी इथे बसून निदान करणार नाही, हात लावून तपासल्याशिवाय ते कुणीच करू नये, पण उद्याच्या उद्या जवळच्या फिजिओला किंवा ऑर्थोच्या डॉक्टरांना दाखव. तोवर स्प्रिंट नाही, जोराचं स्ट्रेचिंग नाही, चोळणं नाही, ताज्या इजेला शेक नाही. चालताना दुखत नसेल तर चालत राहा, पूर्ण अंथरुणात पडून राहायची गरज नसते.

रविवारची मॅच. दुखतंय तोवर खेळू नको असं मी स्पष्ट सांगते. युरोपातल्या मोठ्या क्लबांचा जो यूएफाचा, म्हणजे तिथल्या फुटबॉल संघटनेचा, अभ्यास आहे त्यात २००१-०२ ला एकूण दुखापतींत हॅमस्ट्रिंगचा वाटा १२ टक्के होता तो २०२१-२२ ला २४ टक्क्यांवर गेला, एवढे फिजिओ आणि मशिनं दिमतीला असताना. आणि हॅमस्ट्रिंग परत जायचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ते आधी एकदा गेलेलं असणं आणि पूर्ण बरं व्हायच्या आत मैदानात उतरणं. हलका स्ट्रेन दोन तीन आठवड्यांत बरा होतो, तोच ओढत खेळलास तर अख्खा सीझन बाहेर बसायची वेळ येते.

आणि पेनकिलर खाऊन खेळायचा सल्ला ज्याने दिला त्याला हे दाखव. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्यांनी इजा बरी होत नाही, कळ दबते, मग शरीर थांब म्हणतंय ते तुला ऐकूच येत नाही. त्यात उन्हात घाम जाऊन पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या किडनीला आणि रिकाम्या पोटी घेतल्या तर पोटाला त्रास देतात. डॉक्टरांनी दिली तरच.

एक सगळ्यांसाठीच लिहून ठेवते. फार कडक सेशननंतर मांड्या फुगल्यासारख्या टणक झाल्या, अंगात त्राण नाही आणि लघवी चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. स्नायू मोठ्या प्रमाणात फुटून किडनीवर येतं त्यात.

लेफ्टबॅक_ठाणे:
बर्फाचं मी सांगतो, आम्ही स्पर्धेत लागोपाठ मॅच असतात तेव्हा प्लास्टिकच्या मोठ्या पिंपात करतो. पाणी १० ते १५ डिग्री, कमरेपर्यंत, १० ते १५ मिनिटं, बस. नुसता बर्फ भरून बसायचं नाही, थर्मामीटर स्वस्त मिळतो तो टाका आणि एकट्यानं करू नका, शेजारी कुणीतरी पाहिजे. दुखणं कमी जाणवतं हे नक्की. पण रोज करायची गोष्ट नाही ही, कारण दर वेट ट्रेनिंगनंतर थंड पाण्यात बसलं तर स्नायू वाढायचा वेग कमी होतो असं २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. म्हणजे उद्या परत मॅच असेल तर बर्फ, आणि सीझनच्या आधी ताकद कमवत असाल तर नको, असं आम्ही ठरवलंय.

स्ट्रेचिंगबद्दल पण लोकांचा गैरसमज असतो. सेशननंतर स्ट्रेच केलं म्हणजे उद्या दुखणार नाही असं सगळे म्हणतात, २०११ च्या कोक्रेन रिव्ह्यूमध्ये, म्हणजे बऱ्याच अभ्यासांच्या एकत्र आढाव्यात, निघालं की दुखण्यात फरक अगदी नगण्य, १०० च्या स्केलवर जास्तीत जास्त ४ पॉइंट. करायचं तर करा, बरं वाटतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका. फोम रोलरनं थोडा फरक पडतो. दुसऱ्या दिवशी नुसतं पडून राहण्यापेक्षा २० मिनिटं निवांत सायकल किंवा पोहणं, तेवढ्यानं पाय मोकळे होतात, निदान तेवढ्यापुरते.

आणि भावा १२ ते ६ झोप कमी आहे. तुझ्या वयाला ८ तास तरी पाहिजेत, खेळाडू असशील तर त्याच्याही वर. वरचं सगळं केलंस आणि झोप सहा तासच ठेवलीस तर उपयोग नाही. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा अर्धा तास टाक.

जुना_स्टॉपर:
ताईंनी सांगितलं ते बरोबर, रविवार सोड. पुढच्यासाठी मात्र एक गोष्ट आत्तापासनं डोक्यात ठेव, नॉर्डिक नावाचा हॅमस्ट्रिंगचा व्यायाम. गुडघ्याखाली पोतं किंवा जाड चटई घालायची, मागं जोडीदारानं घोटे दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरायचे, आणि गुडघ्यापासनं डोक्यापर्यंत अंग सरळ ठेवून हळू, जितकं हळू जमेल तितकं, पुढं झुकत जायचं. कमरेत वाकायचं नाही. एका ठिकाणी मागचा स्नायू सोडून देतो, तिथं हातावर पडायचं, हातानं ढकलून परत वर यायचं. पहिल्या आठवड्यात पाच पाचच्या दोन फेऱ्या पुष्कळ झाल्या, जास्त केलं तर दुसऱ्या दिवशी बसता येणार नाही. डेन्मार्कच्या फुटबॉलवाल्यांवर करून बघितलंय, हॅमस्ट्रिंगच्या दुखापती निम्म्यापेक्षा खाली आल्या. एक पैसा खर्च नाही. फिफाचा ११ प्लस म्हणून जो वॉर्मअप आहे २० मिनिटांचा, त्यात पण हा आहे, बाकी प्लँक, एका पायावर तोल, उड्या सगळं आहे, तो पूर्णच सुरू करा तुमच्या टीमला. आपल्याकडं वॉर्मअप म्हणजे ग्राउंडला दोन राउंड आणि थेट शूटिंग, मग काय होणार.

रंकाळा_विंगर:
सगळ्यांचं वाचलं दोनदा. आज जाऊन दाखवून आलो, फिजिओ म्हणाले हलका स्ट्रेन आहे, घाबरायचं कारण नाही, पण रविवार नाही. कोचांना फोन केला, ते म्हणाले आधी सांगायचं की रे, बरा हो मग बघू, आणि बुधवारचं सेशन बॉलवर घेतो म्हणाले सगळ्यांनाच. आता परत स्प्रिंट कधी आणि कसा सुरू करायचा तेवढं सांगा, कारण मला माहितीय मी एकदा ग्राउंडवर गेलो की थांबणार नाही.

फिजिओ_सांगली:
तुझ्या फिजिओंनी जे सांगितलंय ते आधी, त्यांनी हात लावून बघितलंय. साधारण क्रम असा असतो. पहिल्यांदा चालणं आणि जिना बिनदुखण्याचा. मग दोन्ही पायांची ताकद सारखी आहे का बघायचं, पाठीवर झोपून टाच खुर्चीवर ठेवून एका पायानं कंबर उचल, डाव्या पायाने जितक्या वेळा होतं त्याच्या आसपास उजव्याने व्हायला पाहिजे. मग हलकं जॉगिंग. मग सरळ रेषेत निम्म्या वेगाने, दुसऱ्या दिवशी सकाळी दाबून बघ, दुखलं नाही तर पुढे ७० टक्के, ८०, ९०, प्रत्येक टप्प्याला मध्ये एक दिवस. वेग हळूहळू वाढव आणि हळूहळूच कमी कर, झटकन ब्रेक लावू नको. टर्निंग आणि कोन त्यानंतर, आधी मोठे वळसे मग टोकाचे. आणि मॅचच्या आधी प्रॅक्टिसमध्ये निदान दोन सेशन फुल स्पीड झालेले असले पाहिजेत, न दुखता, मनात भीती न येता. पहिल्या मॅचला ९० मिनिटं मागू नको, कोचांना सांग शेवटची २०-२५ मिनिटं द्या.

नॉर्डिक तुझे फिजिओ म्हणतील तेव्हापासून, त्याआधी नाही. आणि थांबता येत नाही म्हणतोस ना, मग ग्राउंडवर जाताना बूट घरी ठेवून चप्पल घालून जा, बॉल आणून द्यायचं काम कर, टीमलाही मदत होईल.